जगात जर्मनी, भारतात परभणी: एका नळाची कुळकथा

सप्टेंबर 2018 मध्ये परभणीचं नाव देशभरच्या बातम्यांत झळकलं. पेट्रोलने लिटरमागे 90 रुपये ओलांडले, आणि तेही मुंबईच्या आधी परभणीत. राज्याचा कर परभणीत मुंबईपेक्षा जास्त नव्हता. फरक पाडला तो वाहतुकीने. परभणीच्या पंपांवर येणारा टँकर त्या वेळी मनमाडजवळच्या पानेवाडीहून भरून निघायचा, सुमारे 300 किलोमीटरची वाट तुडवत. पानेवाडीला डेपो आहे, कारण मुंबईच्या रिफायनरीतून जमिनीखालून आलेला नळ तिथे तेल उतरवतो. नळाच्या तोंडाशी तेल स्वस्त, तिथून जितकं लांब जावं तितकं महाग. परभणीकरांच्या खिशाला चाट लावणारा हा नळ आला कुठून, हे म्हणूनच मुळापासून पाहायला हवं.

त्याचं मूळ अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आहे. तिथल्या पिटहोल या गावी 1865 मध्ये विहिरींतून तेल उसळत होतं, पण रेल्वे 5 मैलांवर. मधली वाट चिखलाची आणि गाडीवानांच्या मुठीतली. ते पिंपामागे मागतील ते भाडं द्यावं लागे. सॅम्युअल व्हॅन सिकल या व्यापाऱ्याने 2 इंच व्यासाचा लोखंडी नळ टाकला, वाटेत पंप बसवले आणि तेल थेट रेल्वेपर्यंत नेलं. हजारो गाडीवानांची रोजीरोटी एका हंगामात बुडायची वेळ आली. त्यांनी नळ उखडला, सांधे तोडले. व्हॅन सिकलला नळावर बंदूकधारी पहारेकरी नेमावे लागले. तेलाचा पहिला यशस्वी नळ आणि त्याचा पहारा, दोन्ही एकाच वर्षी जन्माला आले.

पुढची पिढी इराणमधली, आणि तिच्याशी महाराष्ट्राचं रक्ताचं नातं आहे. मे 1908 मध्ये मशीद-इ-सुलेमानला तेल लागलं. डोंगरांतून अबादानच्या बेटापर्यंत 200 किलोमीटरहून लांब नळ 1911 मध्ये पुरा झाला. रखवालीसाठी नळ टाकणाऱ्या ब्रिटिश तेल कंपनीने बख्तियारी टोळ्यांच्या खानांना नफ्यात 3 टक्के हिस्सा दिला, आणि अबादानच्या जागेसाठी तिथल्या अरब सरदाराला, मोहम्मेराच्या शेख खजलला, भाडं बांधून दिलं. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर येत होतं, म्हणून 1914 मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. अबादान आणि तिथला नळ सांभाळायला नोव्हेंबरमध्ये इराकच्या फाओ बंदरावर जी हिंदी फौज उतरली, ती पुण्याची सहावी डिव्हिजन होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या.

फेब्रुवारी 1915 मध्ये, ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या तुर्कांच्या जिहादच्या हाकेनंतर, अहवाजजवळ बावी टोळीने नळ तोडला. ही टोळी शेख खजलच्याच अमलाखालची. पैसा खान आणि शेख यांच्यापर्यंत पोचत होता, साध्या टोळीवाल्यापर्यंत नाही. तेल पुन्हा सुरळीत वाहायला जून उजाडला. नळाच्या रक्षणासाठी सुरू झालेली मोहीम पुढे बगदादच्या हव्यासात शिरली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी इराकमधल्या कूतला वेढ्यात उपाशी पडलेल्या फौजेने शरणागती पत्करली. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणींचे जवान तिच्यात होते. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांनी परक्या देशातल्या नळाची किंमत अशी मोजली.

तेव्हापासून सगळी ओढाताण एकाच प्रश्नाभोवती आहे: नळ कुणाच्या अंगणातून जातो? 1956 च्या सुएझ युद्धात सीरियात इराकी तेलाची पंपिंग स्टेशनं उडवली गेली. होर्मुझची सामुद्रधुनी म्हणजे आखाती तेलाचं नाक. ते दाबलं की साऱ्या जगाचं तोंड उघडतं. म्हणून होर्मुझ टाळून सौदी अरेबियाने लाल समुद्रावरच्या यान्बूपर्यंत आणि अमिरातीने फुजैरापर्यंत नळ नेले. इराणहून पाकिस्तानमार्गे भारतात यायचा गॅसचा नळ मात्र वर्षानुवर्षं कागदावर राहिला, आणि 2009 च्या सुमारास भारत त्यातून बाजूला झाला. 26 सप्टेंबर 2022 रोजी बाल्टिक समुद्राच्या तळाशी स्फोट झाले आणि रशियाहून जर्मनीला जाणारे नॉर्ड स्ट्रीमचे गॅसनळ फुटले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण हौसेने म्हणतो. इंधनाच्या बाबतीत ते खरंच आहे: दुसऱ्याच्या नळावर ज्याची चूल पेटते, त्याला भाव ठरवता येत नाही.

आपल्याकडे मुंबई हायला 1974 मध्ये तेल सापडलं, समुद्रतळावरून नळ उरणला आला. पण देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 80 टक्क्यांहून अधिक आजही परदेशातून येतं. मुंबईत शुद्ध झालेलं तेल सुमारे 250 किलोमीटरच्या नळाने घाट चढून मनमाडला पोचतं. एकाच नळातून डिझेल, पेट्रोल अशी तेलं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागून एक येतात. मध्ये पडदा नसतो. पेट्रोलची घनता घनमीटरला 740 किलोच्या आसपास, डिझेलची 830 च्या. आकडा बदलला की पुढचा माल आला हे कळतं आणि झडप फिरवली जाते. मधलं मिसळलेलं तेल वेगळं काढतात.

तीच घनता परभणीच्या पंपावर पुन्हा मोजली जाते. टँकर आला की आधी सील पाहतात, डिपरॉड बुडवून पातळी बघतात, उंच काचेच्या जारमध्ये तेल घेऊन हायड्रोमीटर सोडतात. तापमानाचा हिशेब धरून आकडा डेपोच्या चलनाशी ताडतात. घनमीटरमागे 3 किलोपेक्षा जास्त फरक पडला, तर टँकर खाली करायचा नाही. ही दक्षता कशासाठी, ते 25 जानेवारी 2011 ला सगळ्यांना कळलं. पानेवाडीजवळ टँकरमधल्या तेलाची चोरी आणि भेसळ रंगेहाथ पकडणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना टोळीने भरदिवसा जाळून मारलं. नळातून बाहेर पडलेलं तेल जितका काळ रस्त्यावर राहतं, तितकी मापात पाप करणाऱ्यांना संधी मिळते. नळ मराठवाड्याकडे सरकला पाहिजे, तो भावासाठी आणि या सुरक्षेसाठीही.

तो येईल तेव्हा तेलाच्या नळांसाठी जमीन वापरण्याच्या 1962 च्या कायद्याने येईल. या कायद्यात जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. पण त्या पट्ट्यात शेतकऱ्याला विहीर खणता येत नाही, घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही. पिकाच्या नुकसानीखेरीज या हक्काचा मोबदला म्हणून बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम मिळते, तीही एकदाच. नळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाहतो. पिटहोलचे गाडीवान आणि अहवाजची टोळी यांच्या दारावरूनच तेल गेलं, त्यांच्या वाट्याला काही आलं नाही, आणि दोन्हीकडे बंदुका लागल्या. परभणी जिल्ह्यातल्या सेलू-मानवतच्या काळ्या रानातून नळ जाणार असेल, तर शेतकऱ्याला दरवर्षी भाडं द्यावं आणि गावातल्याच तरुणांना नळाच्या देखभालीचं पगारी काम द्यावं. ज्याचं पोट नळावर आहे, तो नळाला हात लावू देत नाही.