भट्टी नसलेल्या घरांचा नाताळ

१/ एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये गोरगरिबांच्या हजारो घरांत आख्खा पक्षी भाजता येईल अशी भट्टीच नव्हती. एका खोलीत संसार, कोपऱ्यात लहानशी शेगडी आणि मोजूनमापून वापरायचा कोळसा. तरीही २५ डिसेंबरच्या दुपारी त्यांतल्या अनेक घरांत खरपूस भाजलेला पक्षी पानात पडे. हे कसे साधत असे, याचा हा धागा.

२/ सुरुवात करू पक्ष्यापासून. त्या काळी नाताळचा मान टर्कीला नव्हे, तर मुख्यतः ‘गूज’ला असे. हा बदकाच्या कुळातला, पण बदकाहून बराच मोठा पक्षी. टर्की महाग असल्याने ती सुखवस्तू घरांत शिजे. इंग्लंडच्या उत्तर भागात गोमांसालाही तितकाच मान होता. सामान्य इंग्रज कुटुंबात टर्की रुळली ती विसाव्या शतकात.

३/ हे पक्षी लंडनला येत ते चक्क पायी. डॅनियल डीफोने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवले आहे की, नॉरफोक आणि सफोक परगण्यांतून एकेका कळपात हजार ते दोन हजार गूज हाकत आणले जात. ऑगस्टमध्ये, सुगी संपत आली की कळप निघत. वाटेत कापणी झालेल्या शेतांत सांडलेले धान्य टिपत पक्षी पुढे सरकत. ऑक्टोबरअखेर रस्ते चिखलाने भरले की त्यांच्या रुंद पायांना चालणे अशक्य होई. म्हणजे नाताळच्या मेजवानीची तयारी चार महिने आधीच रस्त्यावर सुरू झालेली असे. पुढे रेल्वे आली आणि ही पायपीट थांबली.

४/ दुसरा प्रश्न पैशांचा. आठवड्याच्या मजुरीत घरभाडे, पाव आणि कोळसा भागवल्यावर एकरकमी पक्षी विकत घेणे मजुराला परवडत नसे. यावर उपाय निघाला ‘गूज क्लब’चा. आपल्याकडील दिवाळीच्या भिशीशी त्याचे जवळचे नाते सांगता येईल. सभासदाने दर आठवड्याला काही पेन्स जमा करायचे आणि नाताळच्या तोंडावर त्या बदल्यात पक्षी घेऊन जायचा. हे क्लब बहुधा पबमध्ये चालत, त्यामुळे पैसे भरायला आलेला माणूस एखादा पेला रिचवूनच परते. शेरलॉक होम्सची १८९२ मधील नीलमण्याची कथा आठवते? तिच्यातला तो गूजही अशाच एका क्लबातून आलेला आहे.

५/ पक्षी घरी आला, पण भाजायचा कुठे? उत्तर होते गल्लीतला पाववाला. रविवारी पाव भाजण्यावर कायद्याचे निर्बंध होते. भट्टी मात्र तापलेलीच असे. आसपासची कुटुंबे आपापले मांस भांड्यात घालून तिथे आणून देत आणि थोडे पैसे मोजून दुपारी भाजलेले जेवण घरी नेत. आपल्याकडे गिरणीत दळण टाकावे, तसाच हा व्यवहार. नाताळच्या दिवशीही हीच सोय उपयोगी पडे.

६/ याच भट्टीवरून मोठा वाद पेटला. १८३० च्या दशकात सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यू या खासदाराने रविवार कडकपणे पाळण्यासाठी संसदेत वारंवार विधेयके मांडली. धर्माच्या नावाने येणारा हा नियम फक्त गरिबांनाच जाचक ठरणार होता, कारण श्रीमंतांच्या घरी स्वतःच्या भट्ट्या होत्या आणि त्या पेटवायला नोकरही होते. चार्ल्स डिकन्स या तरुण लेखकाने १८३६ मध्ये टोपणनावाने पुस्तिका लिहून त्याला विरोध केला. अ‍ॅग्न्यूचे विधेयक अखेर संमत झाले नाही.

७/ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये हा वाद पुन्हा डोकावतो. गरिबांना रविवारच्या जेवणाला मुकवण्याच्या या खटाटोपाबद्दल कंजूष स्क्रूज प्रत्यक्ष नाताळच्या भुतालाच जाब विचारतो. माझ्या नावावर माणसांनी केलेल्या कृत्यांचा दोष मला देऊ नका, अशा आशयाचे उत्तर भूत देते. पुस्तकातल्या क्रॅचिट कुटुंबाचा गूजही पाववाल्याकडेच भाजला जातो आणि मुले तो मिरवत घरी आणतात. आठ माणसांत एक पक्षी पुरवण्यासाठी सोबत कुस्करलेले बटाटे आणि सफरचंदाची चटणी असते.

८/ एक हिशेब इथे नोंदवण्यासारखा आहे. बॉब क्रॅचिटचा पगार आठवड्याला १५ शिलिंग; पुस्तकाची किंमत ५ शिलिंग. ज्याच्या मेजवानीने इंग्लंडला गहिवरून आले, त्याला ती कथा विकत घ्यायची तर आठवड्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता.

९/ आता पुडिंग. ते गरिबाघरीही होई याचे कारण साधे आहे : त्याला भट्टी लागत नाही. सुका मेवा, पीठ, पावाचा चुरा, चरबी आणि मसाले एकत्र करून फडक्यात घट्ट बांधायचे आणि कित्येक तास पाण्यात उकळायचे. क्रॅचिटबाई ते कपडे उकळण्याच्या हंड्यातच शिजवतात, म्हणून त्याच्या वाफेला धुण्याच्या दिवसाचा वास येतो. नाताळच्या काही आठवडे आधी, एका ठरावीक रविवारी, घरातल्या प्रत्येकाने हे मिश्रण ढवळायचे, अशी पुढे रीतच पडली. आधी करून ठेवता येणारा पदार्थ असल्याने ऐन दिवशीची धांदलही कमी होई.

१०/ मध्यमवर्गीय घरात चित्र वेगळे होते. १८६१ मध्ये इझाबेला बीटन यांचे गृहव्यवस्थापनावरील जाडजूड पुस्तक ग्रंथरूपाने आले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या सुमारे ६० हजार प्रती खपल्या. त्यात महिन्यागणिक मेजवान्यांच्या याद्या आहेत : १८ पाहुण्यांसाठी, १२ साठी, ६ साठी. प्रत्येक कृतीसोबत लागणारा वेळ, अंदाजे खर्च आणि किती माणसांना पुरेल याची माहिती दिली आहे. कृती बहुतांशी इतरांकडून घेतलेल्या. बीटनबाईंचे श्रेय त्यांच्या मांडणीत आहे. तेव्हा त्या अवघ्या २५ वर्षांच्या होत्या आणि २८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

११/ यजमानीणबाई आखत, राबत दुसऱ्याच. १८५१ च्या जनगणनेनुसार ब्रिटनमध्ये घरकामगारांची संख्या सुमारे १० लाख होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. सणाचा दिवस हा त्यांच्या कामाचा सर्वांत जड दिवस. ज्या घरांत सगळ्या कामांना एकच मोलकरीण असे, तिथे भल्या पहाटे चूल पेटवण्यापासून रात्री शेवटची थाळी धुण्यापर्यंत सारे तिच्याच माथी येई.

१२/ पुडिंगच्या गोळ्यात साम्राज्यही होते. १९२७ मध्ये ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ने राजघराण्याच्या आचाऱ्याची पाककृती मिळवून तिचा गाजावाजा केला. मनुके ऑस्ट्रेलियाचे, चरबी न्यूझीलंडची, दालचिनी सिलोनची, लवंग झांजिबारची, रम जमैकाची आणि मसाला हिंदुस्थानचा. गृहिणीने साम्राज्याचाच माल घ्यावा, हा त्यामागचा हेतू. योगायोग असा की, त्याआधी दोन दशके स्वदेशी चळवळीने मराठी घरांना परदेशी कापड आणि साखर नाकारायला शिकवले होते. स्वयंपाकघर हे राजकारणाचे ठिकाण आहे, हे दोन्ही बाजूंनी ओळखले होते.

१३/ मग युद्ध आले. ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये लोणी, साखर आणि बेकन शिधापत्रिकेवर गेले; पुढे मांसही. गृहिणी मसूर किंवा बटाट्यांचा ‘नकली गूज’ करू लागल्या, पुडिंगमध्ये किसलेले गाजर पडू लागले. पाहुण्यांसाठी महिनोन्‌महिने साखर वाचवावी लागे. शिधावाटप पूर्णपणे संपले ते ४ जुलै १९५४ रोजी.

१४/ नाताळच्या जेवणाचा इतिहास पाककृतींपुरता पाहिला, तर गूज, टर्की आणि पुडिंग एवढेच हाती लागते. आठवड्याला काही पेन्स साठवणारा मजूर, शेजाऱ्यांसाठी भट्टी तापती ठेवणारा पाववाला, शेवटची थाळी धुणारी मोलकरीण आणि दूरच्या मळ्यांतले मजूर हे सारे त्या टेबलामागे उभे होते. पुढच्या वेळी कोणत्याही सणाच्या पंगतीचे जुने चित्र किंवा छायाचित्र समोर आले, तर आधी एवढेच शोधावे : यातली चूल कुणाची, आणि ती पेटवली कुणी?