निष्काळजीपणाच्या दाव्यातील बचाव

अपकृत्य कायद्यात निष्काळजीपणाचा दावा तीन गोष्टींवर उभा राहतो : काळजी घेण्याचे कर्तव्य, त्याचा भंग आणि त्या भंगामुळेच झालेली हानी. ही साखळी तोडण्यासाठी प्रतिवादी जे मुद्दे मांडतो, ते बचाव.

सर्वाधिक वापरातला बचाव म्हणजे सहभागी निष्काळजीपणा, अर्थात ‘चूक त्याचीही होती’. इंग्लंडमध्ये डर्बी येथे एकाने रस्त्यात खांब आडवा टाकला. भरधाव आलेला घोडेस्वार त्यावर आदळला आणि १८०९ च्या निकालात त्याला छदामही मिळाला नाही. १९४५ च्या ब्रिटिश कायद्याने हा कडकपणा संपवला. भारतातही मोटार अपघात न्यायाधिकरणे दोषाच्या प्रमाणात भरपाई कापतात : दहा लाखांच्या भरपाईत दावेदाराचा दोष ३० टक्के ठरला, तर हाती सात लाख.

मात्र नियम मोडला म्हणून कपात आपोआप होत नाही. दुचाकीवर तिघे होते, पण त्यामुळेच अपघात घडल्याचा पुरावा नव्हता. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक खटल्यात १० टक्क्यांची कपात रद्द केली.

‘धोका पत्करूनच आला होता’ हा संमतीचा बचाव. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये ऑफिसच्या कॅबने ये-जा करणारा कर्मचारी वाहतुकीतले नेहमीचे धोके स्वीकारतो. चालकाच्या बेदरकारपणाला त्याची संमती धरली जात नाही.

दैवी आपत्तीचा बचाव पावसाळ्यात हमखास पुढे येतो. जून २०२५ च्या पावसात हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले. अशा वेळी केवळ ‘पाऊस फार झाला’ म्हणून भागत नाही : पाऊस अंदाजापलीकडचा होता का, ओढे-नाले बुजवले होते का, हे तपासावे लागते. गुजरातमध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने शेतीचे नुकसान झाले, तेव्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला.

‘जबाबदारी दुसऱ्याची’ हे उत्तरही अपुरे. वाहन अपघातात दोघांच्या चुकीने तिसरा जखमी झाला, तर तो पूर्ण भरपाई कोणाही एकाकडून घेऊ शकतो, असे २०१५ च्या खेन्येई निकालाने सांगितले. खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सहा लाखांची भरपाई ठरवून दिली.

उरतो अटळ अपघात. ‘गाडीतच बिघाड झाला’ असे म्हणणाऱ्या मालकाने योग्य देखभाल करूनही तो दोष कळण्याजोगा नव्हता, हे स्वतः शाबीत करायचे असते, असा मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मिनू मेहता खटल्याचा १९७७ चा निकाल आहे.