पोलिस ठाणे हे 'निषिद्ध ठिकाण' नव्हे

पोलिस ठाण्यात झालेले संभाषण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणे हा हेरगिरीचा गुन्हा ठरू शकतो काय? वरकरणी हास्यास्पद वाटणारा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला आणि न्या. विभा कंकणवाडी व न्या. एस. जी. चपळगावकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे उत्तर नकारार्थी दिले. शासकीय गुपिते, ती फोडणारे नागरिक आणि न्यायालये यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्यास हा निकाल टाळून पुढे जाता येणार नाही.

प्रकरण पाथर्डीचे, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. एप्रिल २०२२ मध्ये घरात घुसून आईला मारहाण झाल्याची दोन भावांची तक्रार होती. पोलिसांनी ती अदखलपात्र म्हणून नोंदविली. 'एनसी' म्हणजे काय हे ठाण्याची पायरी चढलेल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाखेरीज तिचा तपासच होत नाही आणि तक्रारदाराच्या हाती केवळ एक कागद उरतो. भावांपैकी एकाने तपासी अंमलदाराशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्यात आपल्याला धमकावण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. ते ध्वनिमुद्रण तक्रारीसोबत पोलिस महासंचालकांकडे गेले. जुलै २०२२ मध्ये गुन्हा दाखल झाला खरा, पण तो या भावांवरच! कलमे लागली ती शासकीय गुपिते कायदा, १९२३ची आणि जोडीला भारतीय दंडविधानातील कट व धमकीची.

हा कायदा मूळचा ब्रिटिश अमदानीतला. १८८९चा पहिला कायदा, कर्झनच्या काळात १९०४ मध्ये त्याला दिलेली अधिक कडक धार आणि अखेर १९२३चे आजचे रूप, असा त्याचा प्रवास आहे. त्यातील कलम ३ हेरगिरीसंबंधी आहे. देशाच्या सुरक्षेस वा हितास बाधक ठरेल अशा हेतूने 'निषिद्ध ठिकाणी' जाणे, त्याच्या आसपास वावरणे, शत्रूला उपयोगी पडेल असा नकाशा वा टिपण तयार करणे हे त्याखाली गुन्हे ठरतात. संरक्षणविषयक बाबींत शिक्षा १४ वर्षांपर्यंत, एरवी तीन वर्षांपर्यंत. आता 'निषिद्ध ठिकाण' म्हणजे काय, हे कायद्याने मोघम ठेवलेले नाही. कलम २(८) मध्ये त्याची व्याख्या आहे. शस्त्रागार, लष्करी, नौदल व हवाई दलाचे तळ, सुरुंगक्षेत्रे, युद्धनौका, तार व बिनतारी केंद्रे, तसेच शत्रूला उपयोगी पडतील म्हणून केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे जाहीर केलेल्या जागा तीत येतात. पोलिस ठाणे या व्याख्येत कोठेही नाही. खंडपीठाने नेमके हेच सांगितले. ठाण्यात जे घडते त्याला कलम ३ लागू होत नाही, म्हणून त्या कायद्याखालील आरोप रद्दबातल झाले.

मुद्दा नवा होता असेही नाही. वर्धा येथील एका प्रकरणात न्या. मनीष पितळे व न्या. वाल्मिकी मिनेझिस यांच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्येच हीच व्याख्या तपासून हाच निष्कर्ष काढला होता. म्हणजे पाथर्डीचा गुन्हा आणि वर्ध्याचा निकाल हे दोन्ही एकाच महिन्यातले. उच्च न्यायालयाचा निकाल ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, हा प्रश्न या योगायोगातून आपसूक उभा राहतो. शिवाय याच कायद्याच्या कलम १३ नुसार सरकारच्या आदेशाने वा अधिकाराने केलेल्या फिर्यादीखेरीज न्यायालयास अशा गुन्ह्याची दखलच घेता येत नाही. ही तरतूद अशाच उतावीळपणाला आवर घालण्यासाठी असावी.

सर्वांत मोठी विसंगती वेगळीच आहे. परमवीरसिंग सैनी प्रकरणात न्या. रोहिंटन नरीमन, न्या. के. एम. जोसेफ व न्या. अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने डिसेंबर २०२० मध्ये देशातील प्रत्येक पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही बसविण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष, काही सुटू नये. चित्रासोबत आवाजही टिपला जावा. चित्रीकरण शक्यतो १८ महिने आणि किमान एक वर्ष जपून ठेवावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्या खोलीतील शब्दन् शब्द टिपण्याचे बंधन सर्वोच्च न्यायालयाने सरकारवर घातले, त्याच खोलीतील शब्द नागरिकाने टिपला तर तो हेर कसा?

ज्या खंडपीठाने हा निकाल दिला, ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये त्याच्या स्थापनेवर शिक्कामोर्तब केले. मराठवाड्यासह अहिल्यानगर, जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. नागरिकाच्या बाजूने ते पूर्वीही उभे राहिले आहे. माजलगाव येथे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध धरण्यास परवानगी नाकारली गेली तेव्हा, शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे न्या. टी. व्ही. नलावडे व न्या. एम. जी. सेवलीकर यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये बजावले. परभणीत विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश याच खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

गैरव्यवहार उजेडात आणणाऱ्यास मराठीत 'जागल्या' म्हणतात. गावाची राखण करीत रात्र जागविणाऱ्या सेवकाचा हा शब्द. जागल्यांचे भवितव्य मात्र केवळ न्यायालयांच्या भरवशावर राहिले आहे. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या २०१२च्या पत्राने सिंचन प्रकल्पांतील खर्चवाढ चव्हाट्यावर आली. त्यानंतर संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत केला. गुपिते कायद्यात काहीही असले तरी जनहितार्थ तक्रार करता येईल, असे त्यात नमूद होते. तो अंमलात आणणारी अधिसूचना अद्याप निघालेली नाही. उलट गुपिते कायद्याचे संरक्षण पुन्हा सरकारच्या बाजूला वळविणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने मे २०१५ मध्ये मंजूर केले. ते राज्यसभेत अडकले. तूर्त केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करण्याची २००४ची व्यवस्था तेवढी आहे, तीही केंद्र सरकारच्या कारभारापुरती.

माहितीचा अधिकार कायदा, २००५च्या कलम २२ने गुपिते कायद्यावर मात केली आणि कलम ८(२)ने जनहित वरचढ असेल तर माहिती देण्याची मुभा दिली. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तर २००६ मध्ये गुपिते कायदाच रद्द करण्याची शिफारस केली होती. ज्या ब्रिटनकडून तो आला, तेथे बेलग्रानो युद्धनौकेसंबंधी कागद खासदाराला देणारा अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग १९८५ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडला. १९८९ मध्ये तेथील कायदा बदलला आणि हेरगिरीची जुनी कलमे २०२३ मध्ये गेली. आपल्याकडील १९२३चा कायदा कायम आहे.

पाथर्डीच्या दोघा भावांपुरते सांगायचे तर त्यांची सुटका पूर्ण झालेली नाही. कट व धमकीची कलमे लागू होतात काय, हे ठरविण्याचे काम खंडपीठाने खटला चालविणाऱ्या दंडाधिकाऱ्यांवर सोपविले.