लॅपटॉपवर फोटो एडिट करता? मॉनिटर घेण्याआधी हे पाहा

स्क्रीनवर उजळ दिसणारा लग्नाचा फोटो अल्बममध्ये काळपट का येतो? अनेकदा कारण असतं स्क्रीनचा जास्त ब्राइटनेस. त्यामुळे एडिट करताना फोटो नकळत गडद ठेवला जातो.

नवा मॉनिटर घेताना आयपीएस पॅनल निवडा. बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. सोशल मीडियासाठी १०० टक्के एसआरजीबी पुरेसं आहे. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला मॉनिटर टाळा, त्यात रंग फिके दिसतात. छपाईचं काम जास्त असेल, तर अ‍ॅडोब आरजीबीची टक्केवारी तपासा. २७ इंची स्क्रीनवर किमान २५६० बाय १४४० रिझोल्यूशन हवं.

गेमिंगचा १४४ हर्ट्झ रिफ्रेश रेट इथे फारसा उपयोगाचा नाही. ते पैसे कॅलिब्रेटरसाठी वापरा आणि ब्राइटनेस १०० ते १२० निट्सच्या आसपास ठेवा.