पाठीमागचा पहारेकरी

नगर जिल्ह्यानें देशाला श्रीरामपूरचे झहीर खान व संगमनेर तालुक्यांतील अजिंक्य रहाणे हे क्रिकेटपटू दिले. त्यांचीं नांवें येथील शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहेत. परंतु नगरपासून सुमारें १२० किलोमीटरांवर, पुण्यांत, फुटबॉलचा एक बलाढ्य संघ ज्यांनीं उभा केला, त्या डेरिक परेरा यांचें नांव फार थोड्यांच्या कानांवर गेलें असेल.

परेरा यांचा जन्म १९६२ सालचा. ते गोव्याचे, आणि बचावफळींतील खेळाडू. गोल करणाराचा जयजयकार होतो. गोल होऊं न देणाराची आठवण मात्र तो चुकल्यावरच निघते. साळगांवकर आणि मुंबईचा महिंद्र या संघांतून परेरा यांनीं हें काम इमानानें केलें. भारताच्या संघांतूनहि ते खेळले. बचाव करणारा मागें उभा असल्यामुळें सारें मैदान त्याच्या डोळ्यांपुढें असतें. कोणीं जागा सोडली, कोठें फट पडली, हें त्यालाच प्रथम दिसतें. ही नजरच पुढें प्रशिक्षक या नात्यानें त्यांच्या उपयोगीं पडली.

त्यांच्या मार्गदर्शनाखालीं महिंद्र युनायटेडनें २००५ सालीं फेडरेशन चषक आणि २००५-०६ च्या हंगामांत राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. महाराष्ट्रांतील संघास ही लीग प्रथमच मिळाली. २००९ सालीं ते पुणें एफ. सी.कडे आले. वरच्या श्रेणींतील पहिल्याच हंगामांत हा नवखा संघ तिसरा आला, आणि २०१२-१३ मध्यें गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा. मिझोरमचे जेजे लालपेखलुआ हे पुढें भारताचे नामांकित आघाडीचे खेळाडू झाले. तेहि याच संघांतून पुढें आले.

परंतु पुढें काय झालें? महिंद्र संघ २०१० सालीं बंद झाला. पुणें एफ. सी. २०१५ सालीं मिटला. साळगांवकर संघानें २०१६ सालीं राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलें. खेळाडू हरले म्हणून हे संघ गेले नाहींत. उद्योगसमूहांच्या पैशावर ते उभे होते. तो आधार सुटतांच महिंद्र व पुणें या संघांची वाट संपली. उलट १८८९ सालीं स्थापन झालेला कलकत्त्याचा मोहन बागान सभासदांच्या व चाहत्यांच्या जिव्हाळ्याच्याहि बळावर तगून राहिला. तट कितीहि भक्कम असला तरी रसद तुटली म्हणजे किल्ला पडतो, हें नगरच्या किल्ल्याच्या छायेंत राहणारांस निराळें सांगावयास नको.

परेरा मात्र मैदान सोडून गेले नाहींत. २०२१ च्या डिसेंबरांत एफ. सी. गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो हंगाम अर्ध्यावर टाकून दुसऱ्या संघाकडे गेले, तेव्हां परेरा यांच्याकडेच ती जबाबदारी आली व त्यांनीं हंगाम पार पाडला. संघ मोडले, विद्या टिकली. आतां ती ज्या गांवीं रुजावी असें वाटत असेल, त्या गांवानें आपला संघ आपल्याच वर्गणीनें आणि जिव्हाळ्यानें पोसला पाहिजे.