महादेवन, शंकर
महादेवन, शंकर : (३ मार्च १९६७). भारतीय गायक व संगीतकार. जन्म मुंबईतील चेंबूर येथे, तमिळ कुटुंबात. लहानपणापासून वीणा व कर्नाटक संगीताचे शिक्षण, टी. आर. बालामणी आणि संगीतकार श्रीनिवास खळे हे त्यांचे गुरू. संगणक अभियंता म्हणून काही काळ नोकरी केल्यावर ते पूर्णवेळ गाण्याकडे वळले. जावेद अख्तर यांनी लिहिलेल्या ‘ब्रेथलेस’ (१९९८) या गीताने त्यांना देशभर ओळख मिळाली. एहसान नूरानी व लॉय मेंडोन्सा यांच्यासह त्यांनी ‘दिल चाहता है’ (२००१), ‘कल हो ना हो’ (२००३) आदी चित्रपटांना संगीत दिले. पद्मश्री २०१९.

‘ब्रेथलेस’ची ख्याती दमाच्या कसरतीची, पण तीन मिनिटे एका श्वासात कोणी गात नाही. करामत बांधणीत आहे : ओळ संपते तिथे विसावा न ठेवता पुढची ओळ नेमक्या मात्रेवर उचलली जाते आणि शब्दांच्या गर्दीतही सूर ढळत नाही. पॉपमध्ये शास्त्रीय अंग दाखवायचे म्हणजे मध्येच चार ताना पेरायच्या, असा रिवाज होता. इथे रागाचे प्रदर्शन जवळजवळ नाही; लयीची तालीम मात्र ओळीओळीत आहे. म्हणून सामान्य श्रोत्यालाही ते गाणे भिडले.

यावर आक्षेप असा, की रागविस्ताराची मैफल सोडून असे गाणे म्हणजे विद्या पातळ करणे. महादेवन मैफलीचे ख्यालगायक नाहीत, हे मान्यच करावे लागते. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मध्ये त्यांनी पंडित भानुशंकरांची भूमिका केली, ‘सूर निरागस हो’ गायले. गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्या चित्रपटासाठी महेश काळे यांना मिळाला. तरी विद्या पातळ झाली असती, तर जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ या संगीतसमूहात ते टिकले नसते. तिथे समोरच्या तालवाद्याला ऐनवेळी सुरांनी उत्तर द्यावे लागते, पाठ केलेले गाणे पुरत नाही. ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ (२०२३) या अल्बमला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.