इश्माएल आणि इस्लामची वंशकथा : ख्रिस्ती दृष्टिकोन

इश्माएल हा बायबलनुसार अब्राहामचा थोरला मुलगा. त्याची आई हागार ही अब्राहामची पत्नी सारा हिची मिसरी दासी होती. कुराणात तो इस्माईल या नावाने येतो. इस्लामी परंपरा त्याला पैगंबर, काबागृह उभारताना पित्याला साथ देणारा पुत्र आणि अरबांचा पूर्वज मानते. मुसलमान म्हणजे इश्माएलचे वंशज, हे समीकरण ख्रिस्ती लेखनात आणि प्रवचनांत इतके रुळले आहे की ते बायबलचेच विधान असल्यासारखे सांगितले जाते. बायबलमध्ये असे विधान कुठेही नाही. बायबल इश्माएलला आशीर्वाद देते आणि एका विशिष्ट करारातून त्याला बाजूला ठेवते. इस्लाम खरा की खोटा, याचा निवाडा या वंशावळीतून निघत नाही. तो तसा काढणाऱ्यांनी मूळ कथा अर्धीच वाचलेली असते.

उत्पत्तीच्या पुस्तकातील ही कथा (अध्याय १६, १७, २१ आणि २५) घरच्या कलहाची आहे आणि तिच्यात कोणाचीच बाजू पूर्ण उजळ नाही. मूल होत नाही म्हणून सारा आपली दासी नवऱ्याच्या हवाली करते. दासी गरोदर राहिल्यावर साराच तिचा छळ करते. पळून गेलेल्या हागारला रानातील झऱ्यापाशी देवदूत भेटतो, आणि आपल्याला पाहणाऱ्या देवाला ती स्वतः नाव देते. एका परक्या दासीला लाभलेला हा मान लक्षात घेण्याजोगा आहे. इश्माएलच्या जन्माच्या वेळी अब्राहाम ८६ वर्षांचा होता. पुढे सुंतेचा विधी ठरला तेव्हा तेरा वर्षांच्या इश्माएलची सुंता अब्राहामबरोबर एकाच दिवशी झाली, म्हणजे साराचा मुलगा इसहाक याच्या जन्माआधीच. करार इसहाकशी होईल असे देव सांगतो. पण त्याच दमात इश्माएलपासून बारा सरदार आणि मोठे राष्ट्र होईल, असेही वचन देतो. इश्माएल रानगाढवासारखा माणूस होईल, हे वाक्य शिवीसारखे वापरण्याची खोड जुनी आहे. ईयोबच्या पुस्तकात मात्र रानगाढवाला देवानेच मोकळे सोडले आहे, आणि गावातल्या गोंगाटाला ते हसते. दासीच्या पोटी येणाऱ्या मुलाबद्दल हे वाक्य उच्चारले गेले, हे ध्यानात घेतले तर त्यात तिरस्कारापेक्षा स्वातंत्र्याचे आश्वासन अधिक दिसते. त्याच वाक्यात सर्वांशी वैराचीही भाषा आहे, हे मात्र नाकारता येत नाही. पुढे घरातून हाकलून दिलेल्या मायलेकरांना बैर-शेबाच्या रानात पाणी दाखवणारा देव तोच आहे. अब्राहामला मक्पेलाच्या गुहेत पुरताना इसहाक आणि इश्माएल दोघेही हजर असतात.

इश्माएल आणि अरब यांचा संबंध ही इस्लामने नव्याने रचलेली गोष्ट आहे, हा आरोप टिकत नाही. इश्माएलच्या मुलांपैकी केदारचे नाव इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांतील असीरियन लेखांत अरबी टोळी म्हणून येते. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस इश्माएलला अरबांचा मूळपुरुष म्हणतो. पाचव्या शतकातला ख्रिस्ती इतिहासकार सोझोमेन वाळवंटी अरबांना, म्हणजे सॅरसनांना, इश्माएलचे वंशज ठरवतो, तेव्हा महंमद पैगंबरांच्या जन्माला अजून शंभराहून अधिक वर्षे अवकाश होता. तेव्हा हा दुवा यहुदी आणि ख्रिस्ती लेखणीतूनही आलेला आहे. पण तो सगळ्या अरबांना लागू होत नाही. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात दक्षिण अरबस्तानातील नावे अब्राहामाच्याही आधीच्या यक्तानच्या वंशात येतात, आणि पंचविसाव्या अध्यायात कटूरेपासून झालेल्या अब्राहामच्या संततीत मिद्यान, शबा आणि ददान आहेत. अरब वंशावळकारही उत्तरेचे अदनानी आणि दक्षिणेचे कहतानी असा भेद करतात. पैगंबरांच्या अदनानपर्यंतच्या पिढ्यांवर त्यांचे एकमत आहे. अदनान ते इस्माईल या पिढ्यांबद्दल मात्र त्यांच्यातच मतभेद आहेत.

ख्रिस्ती बाजूचा सर्वांत गंभीर आक्षेप पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातून येतो. तिथे हागार दास्याचा करार ठरते, सारा स्वातंत्र्याचा, आणि दासीला व तिच्या मुलाला घालवून देण्याचे वचन उद्धृत होते. यावरून इश्माएलचा धर्म तो दास्याचा धर्म, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु पौल हागारला अरबस्तानातील सीनाय पर्वताशी आणि त्या काळच्या यरुशलेमेशी जोडतो. म्हणजे रक्ताने इसहाकचे असलेले लोक या रूपकात हागारच्या बाजूला गेले आहेत. सुंतेशिवाय तारण नाही असे गलतीयातील बिगर-यहुदी ख्रिस्ती मंडळ्यांना बजावणाऱ्या शिक्षकांविरुद्ध हा युक्तिवाद आहे. अरबांशी त्याचा काही संबंध नाही. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात तर पौल स्पष्टच सांगतो की, शारीरिक वंश आणि वचनाची संतती या दोन गोष्टी वेगळ्या. ज्या प्रेषिताने वंशाचा अभिमान निकाली काढला, त्याच्याच शब्दांनी दुसऱ्याच्या वंशावर ठपका ठेवणे हे वाचन उलटे आहे. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने इस्लामला इश्माएली लोकांचा पाखंड म्हटले आणि पुढच्या अनेकांनी त्याची री ओढली; पण त्याच्या सैद्धांतिक टीकेचा भर ख्रिस्त आणि पैगंबरपद यांवर आहे, वंशनाम तिथे केवळ लेबल आहे.

मुंबईत हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३० च्या दशकात हाजी महंमद हाशीम या मुस्लिम विद्वानाशी लेखी वाद केला. विल्सन यांच्या मिशनचे गिरगावातील ठिकाण म्हणजे आंब्रोली. तिथून थोड्याच अंतरावर, मांडवीत, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांचे १७९६ चे सिनेगॉग होते, आणि त्याभोवतीच्या मोहल्ल्यांत कोकणी मुसलमान, मेमण, खोजे, बोहरा राहत. पुढे मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले विणकर मुसलमान वसले. यांतील बहुतेकांचे पूर्वज याच उपखंडातले. काही कोकणी घराणी अरब व्यापाऱ्यांपासून वंश सांगतात, तर खोजे व मेमण यांच्या परंपरा लोहाणा या हिंदू व्यापारी जातीकडे नेतात. इश्माएलच्या रक्ताने इस्लामचे स्पष्टीकरण करू पाहणाऱ्याने मदनपुऱ्यातल्या विणकराचे काय करायचे? तो मुसलमान आहे तो श्रद्धेने. गिरगावातला मराठी ख्रिस्ती अब्राहामाला पिता म्हणतो तोही श्रद्धेनेच, कारण त्याचेही रक्त यहुदी नाही. जाता जाता सांगायचे तर, ज्यांच्या इमामाचा हक्क १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला त्या इस्माइली खोजांचे नाव आठव्या शतकातील इमाम जाफर सादिक यांच्या मुलावरून आले आहे, अब्राहामच्या मुलावरून नव्हे. हा घोटाळा शिकलेल्या माणसांकडूनही होतो.

मुस्लिम वादपटूंचा नेहमीचा आधार बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातला आहे : मोशेसारखा संदेष्टा इस्राएलांच्या बांधवांमधून उठेल, आणि बांधव म्हणजे इश्माएलचे वंशज. ख्रिस्ती उत्तर असे की, लगेच आधीच्या सतराव्या अध्यायात राजाही बांधवांमधूनच निवडायचा, परका नको, असा आदेश आहे. तेव्हा तिथे बांधव म्हणजे इस्राएलच. हे उत्तर बळकट आहे, पण ते फक्त त्या एका वचनापुरते. अब्राहामने बळी देण्यासाठी वेदीवर कोणता मुलगा नेला, या वादाचेही तसेच. उत्पत्तीचा बाविसावा अध्याय इसहाकचे नाव घेतो. कुराणाच्या ३७ व्या सूऱ्यात मुलाचे नावच नाही आणि प्रारंभीच्या मुस्लिम भाष्यकारांत दोन्ही मते होती. बकरी ईदशी आज इस्माईलचे नाव जोडले जाते ते पुढे स्थिर झालेल्या मतामुळे. ख्रिस्ती माणसाने इथे आपला पाठ सोडावा असे नाही. मात्र मतभेदाचे मूळ नावात नाही, प्रकटीकरण कुठे पूर्ण झाले यात आहे.

वंश की श्रद्धा, ही निवड कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्रत्यक्ष झाली. चर्चविषयक घटनेच्या एका मसुद्यात मुसलमानांचा उल्लेख इश्माएलचे पुत्र असा होता. २१ नोव्हेंबर १९६४ ला जाहीर झालेल्या अंतिम पाठातून तो गेला आणि अब्राहामाचा विश्वास आपला म्हणणारे लोक, एवढेच राहिले. बाराव्या दिवशी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईत उतरले आणि इथे त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींनाही संबोधित केले. पुढच्या वर्षीच्या २८ ऑक्टोबरच्या घोषणापत्रातही मुसलमान अब्राहामाशी आपले नाते सांगतात असे म्हटले. ते नाते वंशाने सिद्ध आहे की नाही, यावर परिषदेने मत दिले नाही. वंशाचा दुवा काढला तर भाऊपणाच संपतो, असे ज्यांना वाटते त्यांनी यशयाचा साठावा अध्याय पाहावा. तिथे इश्माएलच्या मुलांचे, म्हणजे केदारचे कळप आणि नबायोथचे एडके परमेश्वराच्या वेदीवर मान्य होतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे इसहाकचा वंश कोणी मागत नाही.